सेवियातली सेमाना सांता : मिरवणुकांमागे धावू नका, एका कोपऱ्यावर उभे राहा

निशिगंध

पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरआधीच्या 'सेमाना सांता'त, स्पेनमधल्या सेवियाला जायचंय, काय काय बघू, असं गेल्या दोन महिन्यांत ओळखीतल्या तिघांनी विचारलं. प्रत्येकाला फोनवर सांगताना काही ना काही राहूनच गेलं, म्हणून इथे सविस्तर लिहिते. जाऊन आलेल्यांनी भर घाला.

आम्ही दोघं 2023 साली गेलो होतो. पाम संडेच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या, आदल्या रात्री माद्रिदहून वेगवान गाडीने पोचलो (अडीच तास लागतात), आणि ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी निघालो. शहरातल्या साठच्या आसपास 'एर्मान्दाद', म्हणजे चर्चशी जोडलेले बंधुसंघ, या आठ दिवसांत आपापल्या चर्चमधून निघतात, कॅथिड्रलमधून जातात आणि घरी परततात. बहुतेकांबरोबर दोन 'पासो' असतात, म्हणजे आत लपलेली माणसं वाहून नेतात ते मूर्तींचे मंच. एकावर क्रूस वाहणारा किंवा क्रुसावर खिळलेला ख्रिस्त, दुसऱ्यावर चांदीच्या खांबांवरच्या मखमली छताखाली रडणारी त्याची आई मारिया. तिच्यापुढे मेणबत्त्यांची चढती रांग असते. कागदावर वाचताना हे सगळं सोपं वाटतं.

पहिल्या दिवशी आम्ही चुकलो. वेळापत्रकाचा कागद हातात, कुठली मिरवणूक किती वाजता कुठे, यावर पेनाने खुणा केलेल्या, आणि दुपारी तीनपासून रात्री अकरापर्यंत या गल्लीतून त्या गल्लीत नुसती पळापळ. पाच मिरवणुका 'झाल्या'. बघितलं काय, तर लोकांच्या पाठी आणि लांबवर हलणारं छत. रात्री खोलीवर आलो तेव्हा पाय सुजले होते, आणि मन कोरडंच राहिलं होतं.

बुधवारी पोस्तिगोच्या कमानीजवळ उभे होतो. जुन्या तटबंदीचा हा एक दरवाजा शिल्लक आहे, अरुंद आणि बुटका. तिथे एक आजी दोन तास आधीपासून उभ्या होत्या. मी कागद काढून पुढचं ठिकाण शोधायला लागले, तर त्यांनी माझा हात धरला आणि खुणेनेच सांगितलं, इथेच थांब, ती इथे येणार आहे. 'ती' म्हणजे बारातीयोच्या संघाची मारिया. त्यांचं छोटं चॅपेल बैलांच्या रिंगणाला लागून आहे आणि ही कमान त्यांच्याच मोहल्ल्यातली.

आम्ही थांबलो. आधी क्रूस आला, मग मेणबत्त्या घेतलेल्या नासारेनोंच्या, म्हणजे टोकदार टोप्यांनी चेहरे झाकलेल्या सभासदांच्या, दोन रांगा. त्या संपतच नव्हत्या. घाई करणाऱ्याला इथेच कंटाळा येतो, आणि खरी गंमतही इथेच आहे. आजूबाजूची पोरं हातात मेणाचा गोळा घेऊन पुढे जातात, टोपीआडचा माणूस मेणबत्ती तिरकी करतो, चार थेंब गोळ्यावर पडतात. तोच गोळा पोरं वर्षानुवर्षं वाढवतात. एकाचा गोळा मोसंब्याएवढा झाला होता. मग धुपाचा ढग आला, आणि त्यात संत्र्याच्या फुलांचा वास मिसळला, कारण सेवियाच्या रस्त्यांवर कडू संत्र्याची झाडं आहेत आणि ती याच सुमाराला फुलतात.

मग पासो कमानीसमोर थांबला. पुढे उभ्या असलेल्या म्होरक्याने, 'कापाताझ'ने, धातूची कडी ठोकली. सगळे गप्प. आत पडद्याआड कोण आहेत ते दिसत नाही, फक्त त्यांच्या कॅनव्हासच्या चपला दिसतात. पुढची ठोक पडली आणि तो सगळा डोलारा एका झटक्यात हवेत उचलला गेला, मेणबत्त्या थरथरल्या. कमानीत शिरताना छताचे खांब दगडापासून वीतभर अंतरावर होते. कापाताझ हळू आवाजात सांगत होता, डावीकडून पुढे, उजवीकडून मागे, आणि आतली माणसं न बघता बोटभर-बोटभर सरकत होती. ती पलीकडे निघाली तेव्हा आजी रडत होत्या. मीसुद्धा.

त्यानंतर आम्ही रोज एकच जागा धरली.

गुरुवारची रात्र ते शुक्रवारची सकाळ ही 'माद्रुगा'. सहा संघ निघतात: एल सिलेन्सियो, ग्रान पोदेर, माकारेना, एल काल्वारियो, एस्पेरान्सा दे त्रियाना आणि लोस हितानोस. आम्ही सहामधला एकच निवडला, ग्रान पोदेर. खांद्यावर क्रूस घेतलेला हा ख्रिस्त हुआन दे मेसाने 1620 साली घडवला. ताशा नाही, बँड नाही, कोणी बोलत नाही. पहाटे परतताना तो आमच्या गल्लीत शिरला तेव्हा फक्त एक आवाज होता: दगडी फरशीवर घासणाऱ्या चपलांचा. त्या एका लयीतल्या घासण्यामुळे तो लाकडी ख्रिस्त स्वतःच पावलं टाकत येतोय असं वाटतं. अंगावर काटा आला होता.

आणि वर पूर्ण चंद्र. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतर येणारा पहिला रविवार म्हणजे ईस्टर, त्यामुळे या आठवड्यात चंद्र मोठाच असतो. त्या वर्षी तर गुरुवारीच चैत्री पौर्णिमा होती. दुपारी आईला फोन केला तर तिच्याकडे हनुमान जयंतीचा सुंठवडा वाटून झाला होता.

दूरदेशी

निशिगंध, फार आतून लिहिलंयत. एक प्रश्न. आम्ही न्यू जर्सीत राहतो. मिरवणुकांच्या फोटोतल्या त्या टोकदार टोप्या आणि झाकलेले चेहरे पाहून माझी मुलगी (वय 11) घाबरली. शाळेत तिने कू क्लक्स क्लॅनबद्दल (अशाच टोप्या घालणारी इथली वंशद्वेषी संघटना) शिकलंय. तिला नेऊ की नको?

ग्वादाल्किबीर

मी नऊ वर्षं सेवियात आहे, आधी शिक्षण आणि आता नोकरी. दूरदेशी, तुमच्या मुलीची भीती अगदी स्वाभाविक आहे, पण तिला आधी नीट सांगा आणि जरूर आणा. ही टोपी, 'कापिरोते', क्लॅनच्या कितीतरी आधीची आहे. इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मद्रोहाच्या खटल्यांच्या, काळात शिक्षा झालेल्यांना कागदी शंकूची टोपी घालून रस्त्यावरून फिरवत. पुढे पश्चात्ताप करणाऱ्यांनी ती स्वतःहून घेतली. चेहरा झाकायचा तो यासाठी की प्रायश्चित्त कोण करतंय ते कोणाला कळू नये. डॉक्टर, रिक्षावाला, न्यायाधीश, सगळे सारखे. टोपीच्या आत पुठ्ठा नसेल, कापड पाठीवर पडलं असेल आणि खांद्यावर लाकडी क्रूस असेल, तर ते 'पेनितेन्ते'.

मुलीला पाम संडेच्या दुपारी साल्वादोर चर्चच्या चौकात न्या. 'बोर्रिकिता' निघते, गाढवावर बसून जेरुसलेममध्ये शिरणारा येशू, आणि त्यात बहुतेक चिमुरडी मुलं पांढऱ्या वेषात चालतात. त्यांना बघून भीती जाईल. नासारेनो लहान मुलांना गोळ्या आणि छोटी चित्रं देतात. तिला मेणाचा गोळा सुरू करू द्या.

त्या दिवशी इथे नवं काहीतरी अंगावर घालतात. म्हण अशी की पाम संडेला जो नवं घालत नाही त्याला हातच नाहीत. निदान मोजे तरी नवे! आपल्याकडे पाडव्याला असतो तसाच उत्साह.

निशिगंधताई, आतल्या माणसांबद्दल थोडं. त्यांना 'कोस्तालेरो' म्हणतात. 'कोस्ताल' म्हणजे डोक्याला बांधायचं जाड कापड, मानेच्या मुळाशी त्याची गादी होते आणि त्यावर आडव्या लाकडी तुळया येतात. म्हणजे वजन खांद्यावर नाही, मानेवर. मालागा शहरात मोठे 'थ्रोन' (तिथले पासो) खांद्यावर आणि लोकांसमोर उचलतात. सेवियात माणूस लपलेला असतो, हा मोठा फरक. मारियाच्या पासोखाली तीसेक जण असतात, अनेक मूर्तींच्या मोठ्या देखाव्याच्या पासोखाली त्याहून बरेच जास्त. पूर्वी हे काम बंदरावरचे हमाल मजुरीवर करत. 1973 साली विद्यापीठाच्या 'एस्तुदियान्तेस' संघाने पहिल्यांदा आपल्याच सभासदांना खाली घातलं. आज जागा मिळावी म्हणून रांग असते.

आणखी एक, जे प्रवासी पुस्तकांत सहसा नसतं: उपवासकाळात, म्हणजे आधीच्या चाळीस दिवसांत, रात्री गल्ल्यांमधून तालमी चालतात. मूर्ती नसलेला उघडा पासो, वर वजनं ठेवलेली, आणि खाली तीच माणसं. गर्दी कमी, हॉटेलं स्वस्त. मला स्वतःला तालमी मिरवणुकांइतक्याच आवडतात.

मोरपीस

मी 2024 ला गेले होते, तेव्हा माझं थोडं वेगळं.

तो आठवडा पावसाचा होता. गुरुवारच्या आणि माद्रुगाच्या मिरवणुका एकजात रद्द झाल्या. मी वर्षभर पैसे साठवून गेले होते, आणि रात्री साडेबाराला छत्री घेऊन रस्त्यावर उभी असताना बातमी आली. पावसात मूर्ती बाहेर काढत नाहीत, चारशे वर्षांचं लाकूड आणि रंग आहे, आणि छतांवरचं सोन्याचं भरतकाम. निर्णय त्या त्या संघाचं कार्यकारी मंडळ घेतं, अगदी शेवटच्या क्षणापर्यंत हवामानाचे अंदाज बघून.

पण रद्द झालं म्हणजे संपलं नाही. संघ चर्चची दारं उघडतात. मी दुसऱ्या दिवशी सान लोरेन्सो चौकात भिजत रांगेत उभी राहिले. आत फुलांनी सजलेला पासो जागेवर उभा, आणि आजूबाजूला झगे घातलेले, टोप्या काढलेले सभासद. वयस्क पुरुष लहान मुलांसारखे रडत होते. एका तरुण कोस्तालेरोच्या मानेवर तालमींचा घट्टा होता आणि तो भिंतीला टेकून नुसता बघत बसला होता. मला आजही तो चेहरा आठवतो. मिरवणूक बघितली असती तर तो पडद्याआडच राहिला असता.

सांगायचं हे की पावसाची तयारी मनातही ठेवा, आणि एकाच रात्रीवर सगळी सहल टांगू नका.

वसईकर

धागा वाचून राहवलं नाही. आम्ही वसईचे कॅथोलिक. लहानपणापासून झावळ्यांचा रविवार (पाम संडे), उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे), क्रुसाची वाट हे सगळं मराठीतच जगलोय, त्यामुळे कोणी सेवियाच्या या आठवड्याला 'कार्निव्हल' म्हटलं की टोचतं. या धाग्यावर कोणी म्हटलं नाही, पण सहलीच्या जाहिरातीत मी वाचलंय. कार्निव्हल उपवासकाळाच्या आधी असतो. हा शोकाचा आठवडा आहे. शुक्रवारी आमच्याकडे मिस्सासुद्धा होत नाही, चर्चमधल्या घंटा गप्प असतात.

सेवियात दुःख आणि उत्सव एकत्र असतात, हे मी स्वतः पाहिलंय. माकारेना मारियाला लोक टाळ्या वाजवतात, 'ग्वापा' म्हणजे 'सुंदर' अशा हाका मारतात. पहिल्यांदा मला खटकलं. मग लक्षात आलं, रडणाऱ्या आईला लोक धीर देतायत. तिचा चेहरा या शहराला किती पाठ आहे बघा: 2025 च्या जूनमध्ये देखभालीच्या कामानंतर तिच्या पापण्या आणि नजर वेगळी दिसायला लागली, तर माणसं तिच्या चर्चसमोर, बासिलिकासमोर, निषेधाला जमली.

आणि स्पेनला जाणं जमत नसेल त्यांनी गोव्याला जावं. झावळ्यांच्या रविवारआधीच्या सोमवारी गोवा वेल्ह्याला संतांच्या मूर्तींची मिरवणूक निघते, फ्रान्सिस्कन परंपरेतली. खांद्यावरच्या मूर्ती, मेणबत्त्या, आणि बघणाऱ्यांत शेजारची हिंदू घरंही.

ताकभात

शाकाहारी माणसाने काय खावं? अंडं चालतं.

निशिगंध

भरपूर आहे! उपवासकाळाचा स्वयंपाक असल्यामुळे उलट हा बरा काळ. 'एस्पिनाकास कोन गार्बान्सोस', पालक आणि छोले, जिरं-लसूण घालून, हे तर रोज खा, आपल्या तोंडाला लागतंच. सालमोरेहो म्हणजे टोमॅटो आणि पावाचं गार दाट सूप, त्यावर हॅमचे तुकडे घालतात, म्हणून आधीच 'सिन हामोन' म्हणा. गोडात तोर्रिहा: शिळा पाव दुधात किंवा वाइनमध्ये भिजवून, अंड्यात बुडवून तळतात आणि मधात घोळतात. 'पेस्तिन्योस' ही मधातली तळलेली घडी. मिरवणुकांच्या वेळी हॉटेलात जागा मिळत नाही, पिशवीत काहीतरी ठेवा.

फिरस्ता_काका

ताई, तुमच्या मूळ मुद्द्याशी मी असहमत आहे. मी 71 वर्षांचा, बायकोचे दोन्ही गुडघे बदललेले. दोन-तीन तास कोपऱ्यावर उभं राहणं आम्हाला शक्यच नाही. माझ्या मते अधिकृत मार्गावरच्या खुर्च्या विकत घ्याव्यात. ला काम्पाना चौकापासून सिएर्पेस गल्लीतून कॅथिड्रलपर्यंत त्या मांडलेल्या असतात आणि प्रत्येक संघाला तिथून जावंच लागतं. सगळं बसून दिसतं.

दुसरं, आमच्या सहल एजंटाने सांगितलं होतं की कॅथिड्रल आणि आल्काझार राजवाडा रोज नेहमीसारखे उघडे असतील. ते खोटं निघालं, आणि ऐन वेळी तिकिटं वाया गेली. हे 2019 चं. आता पुन्हा जायचं मनात आहे.

ग्वादाल्किबीर

काका, खुर्च्यांबद्दल प्रामाणिकपणे सांगतो. त्यातल्या बहुतेक वर्षानुवर्षांच्या सभासदांकडे असतात, वडिलांकडून मुलाकडे येतात. बाहेरच्या माणसाला फार थोड्या मिळतात. मिळाल्या तर जरूर घ्या. पण तिथे पासो शिस्तीत, ठरल्या वेळेत पुढे सरकतात. मोहल्ल्यातली जवळीक तिथे नाही. कोणी बाल्कनीतून 'साएता' हे भक्तिगीत म्हणायला लागलं, संगीताविना एकट्या गळ्याने, की पासो त्या बाल्कनीसमोर थांबतो, हे घरच्या गल्लीत जास्त घडतं.

कॅथिड्रलमधून दिवसभर मिरवणुका जात असल्याने पर्यटकांचे तास कमी होतात, आणि उत्तम शुक्रवारी आल्काझार बंद असतो. कॅथिड्रलचा हिराल्दा मिनार आणि आल्काझार दोन्ही आठवड्याआधी उरकून टाका. हिराल्दा चढायला अगदी शेवटच्या थोड्या सोडल्या तर पायऱ्या नाहीत, चढते उतार आहेत, 35. काकूंनाही हळूहळू जमेल, पण आधी डॉक्टरांना विचारा. ती मुळात मशिदीचा मिनार, 1198 मध्ये पूर्ण झालेली.

पण तुमच्यासाठी माझा खरा सल्ला वेगळा आहे. सकाळी जा. ज्या दिवशी ज्या संघाची पाळी, त्या सकाळी त्यांचं चर्च उघडं असतं, दोन्ही पासो फुलं-मेणबत्त्यांसह तयार उभे असतात. दहा-साडेदहाला गेलात तर मूर्ती हातभर अंतरावरून दिसते. माकारेनाच्या छातीवरच्या फुलांच्या आकाराच्या पाच हिरव्या पिना जवळून बघाल. त्या बैलांशी झुंजणाऱ्या होसेलितो एल गाय्योने दिलेल्या. 1920 मध्ये तो रिंगणात मारला गेला तेव्हा तिला काळी वस्त्रं नेसवली होती. विद्यापीठाचं चॅपेल जुन्या तंबाखू कारखान्यात आहे, तिथला क्रुसावरचा ख्रिस्तही हुआन दे मेसाचाच, 1620 चा. तिथे बसायला बाकंही आहेत.

फिरस्ता_काका

हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. सकाळी बसून बघायला मिळणार असेल तर हिला खूप आवडेल, तिला मूर्तिकामाची फार ओढ आहे. पुढच्या वर्षी कधी आहे?

मोरपीस

2027 ला ईस्टर 28 मार्चला आहे, म्हणजे झावळ्यांचा रविवार 21 मार्च. आपली होळीही त्याच सुमारास. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, हॉटेलं त्याच्याही आधी बघा. सेवियात भाव फार चढले तर कोर्दोबात राहा, वेगवान गाडीने पाऊण तास, पण रात्री उशिराची गाडी नसते हे लक्षात ठेवा.

निशिगंध

काका, तुमचं पटलं. मी उभं राहण्याबद्दल लिहिलं तेव्हा पाय धड असलेल्या माणसाच्या नजरेतूनच लिहिलं. एका जागी थांबणं महत्त्वाचं, मग ते चर्चमधल्या बाकावर का असेना.

गर्दीबद्दल एक गोष्ट मात्र सगळ्यांना सांगते. गर्दीला तिथे 'बुया' म्हणतात आणि स्थानिक लोक तिच्यात सवयीने हलतात. ढकलाढकली झाली तर धावू नका, भिंतीला लागून उभे राहा. 2000 सालच्या माद्रुगात अचानक पळापळ होऊन घबराट माजली होती, लोक अजून ती रात्र विसरलेले नाहीत. नासारेनोंच्या रांगेतून आरपार जायचं असेल तर मोकळी जागा येईपर्यंत थांबा, 'कोन पेर्मिसो' म्हणा, आणि दोन मेणबत्त्यांच्या मधून पटकन पलीकडे व्हा. पासो आणि त्याच्या पुढच्या धूपवाल्या मुलांच्या मधून कधीच नाही.

दूरदेशी

मुलीला सगळं वाचून दाखवलं. तिने विचारलं की मेणाचा गोळा विमानातून घरी आणता येईल का.

ग्वादाल्किबीर

येईल! मधे चांदीच्या कागदाची गोळी ठेवायला सांगा, त्यावर मेण नीट धरतं. इथली मुलंही तशीच सुरुवात करतात. मी साल्वादोर चौकातच असेन त्या दुपारी, पायऱ्यांच्या डाव्या बाजूला.